ते डबे भंगारात घालण्याआधी

लातूर,
शुक्रवार

प्रिय सुकन्याचे पप्पा,

'प्रिय' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, आणि लिहिलं तेही असं, केळीची गाडी घेऊन येणाऱ्या सत्यमच्या हाती द्यायला. त्याला बजावून सांगणार आहे की पाकीट मालकाच्याच हातात द्यायचं, आईंच्या नाही, आणि ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या कुणाच्या तर मुळीच नाही. तुम्ही ते मळ्यात घेऊन जा. मोटार सुरू करा, बांधावर बसा आणि शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यात उठून मला फोन लावू नका, एवढं एक माझं ऐका.

काल तुम्ही फोनवर जे बोललात ते मी निमूट ऐकून घेतलं. क्लासच्या सरांनी तुम्हाला कळवलं की सुकन्या धड येत नाही, आली तर मागच्या बाकावर बसते, टेस्टचे मार्क घसरलेत. झालं, तुमचा पारा चढला. "रविवारी गाडी घेऊनच येतो. त्या डब्यांचा आधी भंगारात निकाल लावतो. पोरीला निवासी क्लासात टाकतो, परीक्षा होईपर्यंत कुणी भेटायचं न्हाई. अन् तू गावाकडं चल, तूच तिला लई लाडावून ठेवली." तुमचा आवाज एवढा मोठा होता की फोन कानापासून लांब धरला तरी सगळ्या खोलीला ऐकू जात होतं. ती समोरच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. जुडी निवडून संपली तरी तिची बोटं रिकामे देठ मोडत राहिली. 

आता जरा आठवा, तुम्ही ज्यांना डबे म्हणता त्यातला पहिला डबा या खोलीत आणला कुणी? तुम्हीच. सुकन्या बारावीला आली, आपण लातूरला खोली केली, तेव्हाची गोष्ट. सगळे करतात तसंच आपण केलं. या गल्लीत प्रत्येक खोलीत एक आई आणि एक लेकरू, बाप गावाकडं शेतात नाहीतर नोकरीवर. तुम्ही तिचा मोबाइल काढून घेतलात. मग क्लासचे व्हिडिओ बघायचे कशावर, असा प्रश्न आला, तेव्हा नांदेडला कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप तुम्ही उचलून आणलात. पाट्यासारखा जड, काळा, अक्षरं झिजलेला. "यात इंटरनेट चालत न्हाई, काय न्हाई. पेन ड्राइव्ह लावायचा अन् अभ्यास बघायचा. पोरगी बिघडायचं कामच न्हाई," असं तुम्ही गल्लीतल्या प्रत्येक बापाला थांबवून थांबवून सांगत होतात. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि खरं सांगू, मलाही तुमचं कौतुक वाटलं होतं.

त्यात एकच खोट होती. बॅटरी कधीचीच मेलेली. भिंतीत वायर असेपर्यंत चालायचा, लाईट गेली की पटकन डोळे मिटायचा. आणि लातूरची लाईट तुम्हाला माहीत आहे, उन्हाळा लागला की ती घरी कमी आणि बाहेर जास्त. आपल्या घरमालकीण नीलम्मांच्या घरी इन्व्हर्टर आहे, पण त्याची वायर वरच्या खोलीपर्यंत ओढलेली नाही. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी एक दिवस ती तुमच्या जुन्या पॉवर बँकेकडे बघत बसली आणि म्हणाली, "आई, फोन चालवणाऱ्या बॅटऱ्या आता लई मोठ्या निघाल्यात. एवढी वीटभर नवी बॅटरी आख्खा लॅपटॉप ओढू शकते, पण मागितल्याशिवाय देत न्हाई." मला काही समजलं नाही. मग तिनं मला दोन्ही हातांनी समजावून सांगितलं. नवीन पॉवर बँक नुसती लावली की पाच व्होल्ट देते, फोनपुरतं. तिच्यात वीस व्होल्ट द्यायची ताकद असते, पण समोरच्या मशीननं तशी मागणी करावी लागते. नव्या लॅपटॉपना ही मागणी करता येते. आपला काळा पाटा जुन्या काळातला, त्याला वायरमध्ये जे येईल ते घ्यायचं एवढंच माहीत. म्हणून मध्ये नखाएवढी एक पट्टी बसवायची. ती पट्टी पाट्याच्या वतीनं मागते, आणि बॅटरी देते.

थांबा हं. आतून भांड्याचा आवाज यायचा थांबला होता म्हणून बघून आले. सुकन्या पाणी पीत होती.

तर ती पट्टी आणि एक मोठी पॉवर बँक तिनं नीलम्मांच्या फोनवरून मागवली. पहिल्यांदा जोडून बघायची वेळ आली तेव्हा शेजारच्या बांधकामावरून मी घमेलंभर वाळू आणून दाराशी ठेवली. पेटलं तर टाकायला. नीलम्मा जिन्यातून ओरडत होत्या, "शिल्पाबाई, पोरगी करंटशी खेळून राहिली की वो! घर जाळंल एखाद्या दिशी!" ती मात्र शांत होती. आधी तिनं ती मेलेली बॅटरी उपसून बाजूला ठेवली, कारण ती आत राहिली तर येईल तेवढा करंट स्वतःच पिऊन बसते. मग मीटर लावून पिनेच्या आत प्लस की बाहेर प्लस ते दोनदा तपासलं, कारण उलटं लागलं तर पाटा कायमचा गेला. पॉवर बँकेवर आकडा आला. तिनं पिन खुपसली आणि बटण दाबलं. लाईट गेलेली, पंखा बंद, सगळी गल्ली दारात वारा खात बसलेली, आणि आपल्या खोलीत त्या पाट्याचा पंखा घुरघुरला. सुकन्या माझ्याकडं बघून अशी हसली की मी घमेलं हातात धरूनच रडले. तुम्ही असता तर तुम्हीही रडला असता, कबूल करणार नाही ती गोष्ट वेगळी.

मग काय, बातमी फुटली. कुणाच्या काकाचा, कुणाच्या मामाचा, माळ्यावर पडलेला लॅपटॉप आपल्या खोलीत यायला लागला. प्रत्येकाची भूक वेगळी. एकाला एकोणीस व्होल्ट लागतात, तो वीसवर खुशाल चालतो. एकाला सोळा लागतात, त्याला वीस दिले तर जळण्याची भीती, म्हणून त्याला ती पंधराच देते आणि तो कुरकुरत का होईना चालतो. एखादा फार खादाड निघाला की पॉवर बँक गरम होऊन स्वतःच बंद पडते. हे सगळं मला आता पाठ झालंय. नीलम्मांच्या ओळखीच्या एक दानम्माबाई आहेत, निलंग्याकडच्या एका तांड्यावर शिकवतात. तिथं दिवसा लाईट राहतच नाही. त्यांच्या शाळेत दान आलेले पाच जुने लॅपटॉप कपाटात पडून होते. ते पाचही आता आपल्या पलंगाखाली आहेत, तीन चालू झालेत, दोन व्हायचेत. सोमवारी बाई न्यायला येणार आहेत. तुम्ही रविवारी जे भंगारात घालणार ते हेच.

तुम्हाला हे मी आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि अर्ध्याहून जास्त मलाही तसंच वाटत होतं. दोनदा डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा देऊन झाली, नंबर लागला नाही, हे तिसरं वर्ष, आणि पोरगी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेली. दिवाळीला आम्ही दोघी गावी आलो तेव्हा तुम्ही नवीन ट्रॉली दाखवायला तिला हात धरून नेलंत. ट्रॉलीच्या मागं पेंटरकडून केवढ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, 'डॉ. सुकन्या'. आपल्याकडं सगळेच गाडीवर पोरांची नावं घालतात. तुम्ही 'डॉ.' तेवढं आगाऊ घातलंत. सगळे हसले, आई कौतुकानं म्हणाल्या, "लागंल की औंदा नंबर, लिहून ठिवलं तर काय झालं." सुकन्यापण हसली. परत येताना एसटीत तिनं मला विचारलं, "आई, तो रंग पुसता येतो का गं?" मी म्हणाले, चांगला ऑईल पेंट आहे, दहा वर्षं जात नाही. मला वाटलं तिला रंगाची फिकीर आहे.

जानेवारीत मीच तिला बसवून सांगितलं, हे सगळं बंद कर. तिनं वादसुद्धा घातला नाही. सगळे लॅपटॉप, वायरी, पट्ट्या पोत्यात भरून तोंड बांधलं आणि पोतं पलंगाखाली ढकललं. त्यानंतर ती जी शहाणी झाली, काय सांगू. पहाटे उठायची, पुस्तकातून डोकं काढायची नाही. जेवणात मीठ कमी असलं तरी बोलायची नाही. मला उलट उत्तर नाही, मैत्रिणींशी भांडण नाही. नवीन शिवलेला ड्रेस शेजारच्या खोलीतल्या मुलीला देऊन टाकला, म्हणाली तिला रंग खुलतो. मी फोनवर तुम्हाला सांगितलं होतं ना, पोरीत लई फरक पडलाय, म्हणून? तुम्ही खूश होऊन सगळ्या मजुरांना चहा पाजला होता. तो फोन मी करायला नको होता.

परत एकदा उठून आले. दोनच मिनिटं. ती गॅलरीत कपडे वाळत घालते आहे. मी म्हणाले राहू दे, मी घालते. म्हणाली, "आई, मी कपडेच वाळू घालून राहिले गं." मी तिथंच उभी राहिले, शेवटचा चिमटा लागेपर्यंत.

फेब्रुवारीत सिंधुताईच्या मुलीचं लग्न होतं नांदेडला. मी गेले नाही आणि तुम्हाला सांगितलं की सुकन्याला ताप आला. तुम्ही चिडलात, सख्ख्या बहिणीच्या घरचं कार्य आणि मावशी नाही, चारचौघांत काय सांगायचं. तिला ताप नव्हता. मी निघाले होते. ती स्वतःच मागं लागली होती, "आई तू जा, दोन दिवस निवांत राहा, माझी काळजी करू नको." माझी पिशवी तिनंच भरली, आहेराची साडी वर ठेवली, रिक्षापर्यंत खाली आली. मी रिक्षात बसण्याआधी वाकून माझ्या पाया पडली. मी घाईत होते. डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले आणि निघाले.

बस गावाबाहेर एका थांब्यावर थांबली. एक मुलगा गाडीत चढणार होता, त्याला सोडायला त्याची म्हातारी आजी आली होती. एक पाय पायरीवर ठेवलेला, तो परत खाली उतरला, म्हातारीच्या पाया पडला आणि मग चढला. मी खिडकीतून बघत होते. आणि पप्पा, मी जागेवरून ताडकन उठले. आपल्या घरात कोण कुणाच्या पाया पडतं? जाणारं माणूस पडतं. तुम्ही पुण्याला निघालात तर आईंच्या पाया पडता, आपला धाकटा शिवम शाळेच्या सहलीला निघाला तर आपल्या पडतो. मागं राहणारं कधी पडत नाही. त्या दिवशी जाणारी मी होते. मग ती का पडली?

कंडक्टर काय म्हणाला, बस कुठं थांबवली, मला आठवत नाही. मिळेल त्या रिक्षानं परत आले. सगळ्या वाटेनं मी स्वतःला समजावत होते की मी खुळी आहे, पोरगी अभ्यास करत बसली असेल आणि मला बघून हसेल. दाराला आतून कडी होती. मी हाका मारल्या, नीलम्मा वर धावत आल्या, आम्ही दोघींनी दार बडवलं. किती वेळ गेला ते देवाला माहीत. मग आतून तिचा आवाज आला, "आई?" आणि तिनं कडी काढली. खोली लख्ख झाडलेली. अंथरुणं घडी करून ठेवलेली. पुस्तकांचे गठ्ठे बांधलेले, प्रत्येकावर कुणाला द्यायचं त्या मैत्रिणीचं नाव. आणखी तिथं काय होतं ते मी या पत्रात लिहिणार नाही. तुम्ही बाप आहात, तुम्हाला समजलं असेल.

मी तिला काही विचारलं नाही. म्हणाले, बस चुकली. नीलम्मांनी खाली जाऊन चहा करून आणला. मला काय करावं ते सुचेना, तिला मिठी मारावी तर ती लाकडासारखी ताठ. म्हणून मी पलंगाखाली हात घातला, ते पोतं ओढून बाहेर काढलं, गाठ सुटेना तर दातांनी सोडली आणि तुमचा काळा पाटा तिच्यापुढं ठेवला. म्हणाले, मला हा चालू करून दाखव, मला बघायचाय.  तिनं वायर उचलली. पिन लावताना मी तिचं मनगट धरलं. पडदा उजळला तशी ती माझ्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. असं रडणं मी तिचं लहानपणीसुद्धा ऐकलं नव्हतं. नीलम्मा तिची पाठ चोळत म्हणत होत्या, "रड अव्वा, रडून घे, आम्ही हाव हितं." दुसऱ्याच दिवशी मी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ती ज्या गोळ्या घेते आणि ज्या मी तुम्हाला अशक्तपणाच्या म्हणून सांगितलं, त्या या आहेत. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, ही आजारी आहे आणि यातून बरं होता येतं. हिला एकटी ठेवायची नाही, हातांना जे काम आवडतं ते करू द्यायचं, आणि वडिलांना आणा. वडिलांना आणा हे त्या प्रत्येक वेळी म्हणतात आणि मी दर वेळी म्हणते, केळीची कापणी चालू आहे.

म्हणून हे पत्र. तुमच्याशी मोकळं बोलायचं तर मला फोन घेऊन खाली अंगणात जावं लागेल, आणि ती खोलीत एकटी असताना मी त्या दिवसापासून खाली उतरलेले नाही. भाजी आणायची झाली तर नीलम्मा वर येऊन बसतात. क्लासचे मार्क घसरले ते मला माहीत आहेत, क्लास चुकले तेही माहीत आहेत, मीच घरी ठेवते तिला ज्या दिवशी तिचा चेहरा बरा दिसत नाही त्या दिवशी. रविवारी तुम्ही या, नक्की या, पण निवासी क्लासचं नाव काढू नका. तिथं तिनं कडी लावली तर दार कोण बडवणार? परीक्षेला बसायचं की नाही ते तिला ठरवू द्या. गाव चार दिवस बोलेल, मग केळीच्या भावावर येईल. ती डॉक्टर झाली नाही तरी आपण तिचे आई-बाप राहू. तीच राहिली नाही तर आपण कोण, हे मला त्या रिक्षात बसल्यापासून समजत नाही. तिला यातलं काही विचारू नका, मी सांगितलंय असं दाखवू नका. काय बोलावं ते सुचणार नाही तुम्हाला, मला माहीत आहे. तिच्याशेजारी जमिनीवर बसा आणि एवढंच विचारा, एवढीशी बॅटरी एवढं मोठं मशीन कशी काय चालवते गं? ती सांगेल. तुम्हाला समजलं नाही तरी ऐका, आणि ती सांगत असेल तोवर तिथून उठू नका.

तुमचीच,
शिल्पा